रझाकारांच्या भिंतीवरची आमची बंदूक

ती बंदूक आमची आहे, हे मी आजही कुठल्याही कचेरीत उभा राहून सांगायला तयार आहे. पण ऐकून घेणारी कचेरी आता सापडत नाही. ज्यांनी ऐकलं ते दुसऱ्या राज्यात निघून गेले, आणि त्यांच्या जागी जे आले त्यांना माझी भाषा कळत नव्हती.

मी जनावरांचा हेडी. आदिलाबाद, इचोडा, पैनगंगेपलीकडचे वऱ्हाडातले बाजार, सगळीकडे बैल घेतले आणि विकले. वडिलांचं तामसीकडच्या खेड्यात कोरडवाहू रान होतं, त्यात ज्वारी-कापूस पिकेल तेवढा पिकायचा. बाकी जे काही उभं केलं ते मी जिभेच्या आणि नजरेच्या जोरावर केलं. बैलाचे दात पाहण्याआधी मी मालकाचा चेहरा पाहायचो. माझा राग लवकर चढतो, हे बाजारात पोराटोरांनाही ठाऊक होतं, आणि त्या रागाचाही मी उपयोग करून घेतला. कितीतरी सौदे मी उपरणं झटकून उठून जाण्याचं सोंग करूनच जिंकले. म्हणूनच हे एक काम माझ्याच्यानं झालं नाही, त्याचा सल जास्त.

बंदूक आजोबांची. ठासणीची, लांब नळीची. दस्ता एकदा फुटला तेव्हा गावच्या सुताराने त्याला बाभळीचं ठिगळ लावलं होतं. मूळ लाकूड काळसर आणि ठिगळ तांबूस, त्यामुळे अंधारातसुद्धा हात लावून ओळखता यायची. ज्वारी हुरड्यावर आली की वडील माळ्यावर बसून तिने रानडुकरं हाकलायचे. आणि दसऱ्याला ती गावाची असायची. खंडेनवमीला आमच्या ओसरीत तिची पूजा व्हायची. दुसऱ्या दिवशी गाव सीमोल्लंघनाला निघायचं तेव्हा वाजंत्री आधी आमच्या दारात यायची, मग वडील खांद्यावर बंदूक घेऊन सगळ्यांच्या पुढे. शिवेवर ते नुसत्या दारूचा बार काढायचे, आणि त्या आवाजानंतरच लोक आपट्याच्या पानांना हात लावायचे. आमच्या घरात दुसरी श्रीमंती नव्हती.

रझाकारांची धामधूम वाढली तेव्हा गावातली बायकापोरं गाड्यांत घालून पैनगंगेच्या उताराने पलीकडे, वऱ्हाडात पोचवली जात होती. गाड्या पाण्यात असताना वडील अलीकडच्या दरडीवर बंदूक घेऊन बसायचे. एकदा संध्याकाळी दूरवर घोडी दिसली तेव्हा त्यांनी हवेत बार काढला. घोडी थांबली, वळली, निघून गेली. ते घोडेस्वार कोण होते हे आजतागायत कोणाला माहीत नाही. माणसावर ती बंदूक कधीच चालली नाही. पण त्या दिवशी पाण्यात असलेल्या गाड्यांपैकी एक आमच्या बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याची होती, आणि तो स्वतः गाडीत आईचं गाठोडं मांडीवर घेऊन बसला होता. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे त्याच्याशी काम आहे.

मग भारताचं लष्कर आलं, निजामाचं राज्य संपलं. आदिलाबादच्या बाहेर जुन्या करोडगिरीच्या इमारतीपुढे, म्हणजे निजामाच्या जकातनाक्यापुढे, तंबू पडले. दवंडी आली की ज्याच्याकडे जे हत्यार असेल ते अमुक दिवसापर्यंत छावणीत आणून द्यावं.

तेव्हा पितरपाट चालू होता. आजोबांची तिथी अमावस्येची, म्हणजे अगदी शेवटी. वडील म्हणाले, "बुढ्याचं पान घातल्याबिगर त्याचं हत्यार उंबऱ्याभायेर काहाडत नाय."

मी तेव्हा नुकताच बाजारात पाय रोवत होतो. म्हणालो, "बाबा, सरकार नवं हाय. सरकारले पितरपाट समजत नाय."

"सरकारले बाप नाय काय?"

मुदत उलटली. सर्वपित्री अमावस्येला आजोबांचं पान घातलं, कावळा शिवला, आणि घटस्थापनेच्या दिवशी वडिलांनी बंदूक धुतली, हळदकुंकू लावलं, नळीला झेंडूची माळ बांधली आणि पायी छावणीत नेली. मी बरोबर होतो. शिपाई माळ पाहून हसले. मुदतीत आलेल्यांना चिठ्ठ्या मिळाल्या होत्या आणि त्यांची हत्यारं वेगळी रचली होती. उशिरा आलेली बंदूक तिथल्या हवालदाराने घेतली आणि भिंतीकडेच्या दुसऱ्या ढिगात टाकली. त्या ढिगात तलवारी, भाले, गावोगावच्या घरांतून पकडून आणलेल्या बंदुका होत्या. त्या वेळी ढिगाला काही नाव नव्हतं. वडिलांनी माळ सोडून घेतली आणि आम्ही घरी आलो.

त्यानंतरही काही वर्षं वडील दसऱ्याला रिकाम्या हाताने पुढे चालायचे. बार नव्हता, पण मान होता. कोणाला काही वाटायचं नाही.

पुढे सरकारने त्याच करोडगिरीच्या इमारतीत संग्रहालय उघडलं. बाहेर जिथे तंबू होते तिथे मैदान सपाट करून दगडी स्मारकस्तंभ उभारला, कडुनिंब लावले, चाकं रुतलेली एक जुनी तोफ ठेवली. बाजारच्या दिवशी बाया त्या तोफेच्या सावलीला बसून भाकरी सोडायच्या. आत निजामी फौजेचे कोट, बिगुल, खोगिरं. पलीकडच्या खोलीत समोरासमोर दोन भिंती आणि त्यांच्यामध्ये दार. दाराच्या एका अंगाला निजामाविरुद्धच्या लढ्यातल्या लोकांचे फोटो, झेंडे, त्यांनी वापरलेली हत्यारं. दुसऱ्या अंगाला मोठी पाटी, उर्दूत आणि मराठीत: रझाकारांकडून जप्त केलेली शस्त्रे. बाभळीच्या ठिगळाची बंदूक त्या पाटीखाली होती.

ही खबर गावात आणली शेजाऱ्याने. काही कामाला आदिलाबादला गेला होता, सहज आत शिरला. त्या वर्षी दसऱ्याला वाजंत्री आमच्या दारात आली, वडील पागोटं बांधून बाहेर पडले, आणि हा सगळ्यांसमोर हसत हसत म्हणाला, "काका, तुमची बंदूक पाह्यली मी. रझाकारायच्या भिताडावर हाय ते. काऊन बाप्पा?"

काही जण हसले. हसणाऱ्यांच्या मनात वाईट होतं असं मी म्हणत नाही. गंमत म्हणूनच तो बोलला असेल. पण वडील ओसरीवर परत चढले. पागोटं काढून खुंटीला लावलं आणि म्हणाले, "तुमी व्हा पुढं." मी शेजाऱ्याच्या गळपट्टीला हात घातला, लोकांनी सोडवलं. नंतर एकटा भेटला तेव्हा मी त्याला विचारलं, "तू होतास ना गाडीत? तुले ठाव नाय काय?"

तो म्हणाला, "मले ठाव हाय, दादा. पन लिवलं त सरकारनं हाय."

त्या दिवसापासून वडील सीमोल्लंघनाला गेले नाहीत. ती पाटी बदलल्याशिवाय जाणार नाही, असंही ते कधी बोलले नाहीत. पण मी बाजारातला माणूस आहे, न बोललेला भाव मला ऐकू येतो. ती पाटी बदलायची आणि वडिलांना पुन्हा पुढे चालवायचं, हे मी तेव्हा मनाशी धरलं.

वडिलांना घेऊन मी संग्रहालयात गेलो. दारावर जमादार होता, निजामी फौजेतून उरलेला म्हातारा मुसलमान, नव्या सरकारने ठेवून घेतलेला. वडील भिंतीपुढे उभे राहून नळी वरपासून खालपर्यंत पाहत राहिले. मग जमादाराला म्हणाले, "नळीत तेल नाय घालत काय? गंजून राह्यली."

"हाथ लगाने का हुकुम नहीं है, पटेल."

"मी लावू काय?"

जमादाराने दाराबाहेर एकदा पाहिलं. "जल्दी लगाओ."

वडिलांनी धोतराच्या सोग्याने नळी पुसली, ठिगळावरून अंगठा फिरवला. जमादार हळूच मला म्हणाला, "तुम्हारी है?" मी मान हलवली. तो म्हणाला, "हौ, मेरे को भी लगा था. लड़ाई के वास्ते कोई बबूल का ठिगल नहीं लगाता." आणि जरा थांबून, "मेरा कोट भी उधर टँगा है, भाई. मेरे को कौन पूछा?" बाहेरच्या खोलीतल्या निजामी कोटांकडे त्याने हनुवटीने खूण केली. मला तेव्हा त्याच्या कोटाची पडली नव्हती.

संग्रहालयाचा अधिकारी औरंगाबादकडचा, मराठी बोलणारा, चष्मा लावणारा. मी त्याच्यासमोर बसलो आणि सवयीने माझं उपरणं त्याच्या टेबलाच्या कडेवर पसरलं. आम्ही हेडी भाव तोंडाने बोलत नाही. कापडाखाली एकमेकांची बोटं धरतो, म्हणजे बाजूला उभ्या असलेल्याला आकडा कळत नाही.

"हे काय?" तो म्हणाला.

"काही नाही साहेब," म्हणून मी उपरणं ओढून घेतलं. तो हसला, मीही हसलो, आणि सौदा चांगला सुरू झाला असं मला वाटलं.

पहिल्यांदा चढा भाव सांगायचा, हा नियम. मी म्हणालो, बंदूक परत द्या. तो म्हणाला, अशक्य. मी म्हणालो, मग दाराच्या पलीकडे, लढ्याच्या भिंतीवर लावा. तो म्हणाला, तुमचे वडील लढ्यात होते असा काही पुरावा आहे का? मी म्हणालो, गाव पुरावा आहे. तो म्हणाला, गाव इथे आणता येत नाही. तेव्हा मी मला खरोखर जिथे यायचं होतं तिथे आलो: नुसती वेगळी करा, आणि खाली लिहा, शेतकऱ्याची बंदूक. त्याने चष्मा काढला, पुसला आणि म्हणाला, "हे होण्यासारखं आहे. पाट्या नव्याने रंगवायच्याच आहेत. तेव्हा करून टाकतो."

मी घरी येऊन वडिलांना सांगितलं. ते म्हणाले, "तो मानूस खरा वाटला काय?" मी म्हणालो, खरा आहे. तसा तो खराच होता. पण मी माणसाचा चेहरा वाचला, राज्याचा वाचता आला नाही.

त्याच सुमारास हैदराबाद राज्य तोडायचं ठरलं. मराठी बोलणारे जिल्हे मुंबई राज्यात, कानडी म्हैसुरात, आणि आम्ही आदिलाबादवाले, घरात मराठी बोलत असलो तरी, आंध्र प्रदेशात. पैनगंगा निजामाच्या वेळीही शीवच होती, पण आमच्यासाठी ती जनावरांचं पाणी होती; आता ती दोन भाषांच्या राज्यांमधली शीव झाली. माणसांबरोबर कचेऱ्याही वाटल्या गेल्या. मी एका सकाळी गेलो तेव्हा चष्मेवाला साहेब खुर्चीवर नव्हता. बाहेर ट्रकमध्ये त्याचा संसार चढत होता, पलंग, सुपं, पाटावरवंटा. मला पाहून तो ओशाळला.

"माझी नेमणूक तिकडे झाली. पाट्यांचं काम राहिलं हो."

"मग आता लिहून द्या साहेब. उभ्या उभ्या."

"आज माझी सही इथे चालत नाही," तो म्हणाला. "कालपर्यंत चालत होती."

मला राग चढला, पण कोणावर काढणार? त्याची बायको कडेवर पोर घेऊन ट्रकच्या फळीला धरून उभी होती. मी पलंगाला एक हात लावला आणि चढवून दिला.

नवा साहेब समुद्राकडच्या आंध्रातून आला. त्याला तेलुगू आणि इंग्रजी येत होतं, मराठी एक अक्षर नाही. आमच्या मध्ये जमादार उभा राहायचा. मी मराठी-हिंदी मिसळून बोलायचो, जमादार दखनीत समजायचा आणि मोडक्या तेलुगूत पलीकडे द्यायचा. माझ्या रागाचं त्या वाटेत काय व्हायचं देव जाणे. साहेबापर्यंत पोचायचा तो एक मवाळ, थकलेला आवाज.

सरकारचा हुकूम असा आला होता की पाट्या तेलुगूत कराव्यात. मी म्हणालो, मग आत्ताच तर संधी आहे, रंगाऱ्याला एक ओळ वेगळी लिहायला सांगा. साहेबाने शांतपणे ऐकलं. जमादाराने उत्तर आणलं: "बोलते हैं, हुकुम तर्जुमे का है. बदलने का नहीं."

"चुकीचं आहे ते!"

"बोलते हैं, गलत होगा. गलत जैसा है वैसाच तेलुगू में करना है."

मी टेबलावर मूठ आपटली. बाजारात एवढ्यावर समोरचा माणूस एक पायरी खाली येतो. साहेबाने माझ्याकडे पाहिलं, शिपायाला बोलावलं आणि माझ्यासाठी चहा मागवला. तो खरोखर कळवळून माझ्याकडे पाहत होता. भांडणाऱ्याला कसं वाकवायचं ते मला येतं. चहा पाजणाऱ्याचं काय करायचं, हे मला कोणी शिकवलं नव्हतं.

मग मी एक डाव टाकला. स्मारकाच्या मैदानात मोकाट गुरं शिरायची, स्तंभाला अंग घासायची. मी म्हणालो, मी लोखंडी फाटक बसवून देतो, स्वखर्चाने. साहेब आनंदला, उठून माझा हात हातात घेतला. लोहाराकडून मी स्वतः उभं राहून फाटक घडवून घेतलं, इचोड्याहून ट्रकवर टाकून आणलं. बसवलं त्या दिवशी साहेबाने मला झेंडूचा हार घातला. मी बंदुकीचा विषय काढला. जमादाराने मान खाली घालून सांगितलं, "बोलते हैं, बहुत मेहरबानी. मगर वो अलग बात है."

आयुष्यभर मी पोरांना शिकवत आलो की माल आधी सोडायचा नाही. ते फाटक चांगलं जड आहे. अजून आहे. त्याच्यातून आत जायला मला लाज वाटते.

नव्या पाट्या लागल्या त्या दिवशी मी तिथेच होतो. रंगारी शिडीवर, खाली डबे. मला ती अक्षरं वाचता येत नाहीत, सगळी गोल गोल. मैदानात एक कापसाचा अडत्या बसला होता, तेलुगू शिकलेला. त्याला आत आणून वाचायला लावलं. त्याने वाचलं आणि म्हणाला, "रझाकारांकडून जप्त केलेली शस्त्रे." मी म्हणालो, पुन्हा वाच. त्याने पुन्हा वाचलं. तेच होतं.

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. मी घरी आलो तेव्हा वडील ओसरीवर बसले होते. त्यांनी पागोटं धुऊन दोरीवर वाळत घातलं होतं.

"झालं काय?"

"नाय."

"पाटी लागली म्हनत होते."

"लागली. तेलंगीत लागली."

"तेलंगीत काय लिवलं?"

"तेच."

वडिलांनी पागोटं दोरीवरून काढलं, गुडघ्यावर ठेवून त्याची घडी घातली. आई चुलीपुढे होती, तिने वळूनही पाहिलं नाही. रात्री ते मला म्हणाले, "तू लई फिरला माह्यासाठी." माझ्यासारख्या माणसाला एवढं पुरलं नाही.

दसऱ्याला वाजंत्री सवयीने आमच्याच दारात येऊन थांबली. सगळा गाव मागे. शेजारी पुढे होता. त्याने या वेळी हसण्यावारी नेलं नाही. हात जोडून म्हणाला, "चला काका. उशीर होऊन राह्यला."

"तुमी व्हा पुढं," वडील म्हणाले.

वाजंत्री थोडा वेळ थांबली, मग पुढे गेली. मिरवणूक गल्लीच्या टोकाला वळली तेव्हा वडील उठले. पागोटं बांधलं, काठी घेतली आणि निघाले. माझी छाती फुगली. पण ते पुढे गेले नाहीत. सगळ्यांच्या मागे, बाया आणि लहान पोरं चालत होती, त्यांच्यात जाऊन मिसळले.

मी त्यांच्या बाजूला धावलो. "बाबा, पुढं चला. कोन अडवते पाहू."

"कोनीच अडवत नाय," ते म्हणाले. "तेच त हाय."

धूळ उडत होती. मागच्यांच्या तोंडावर ती जास्त येते, हे मला त्या दिवशी कळलं. शिवेवर बार झाला नाही, कधीच होणार नव्हता. कोणीतरी ओरडलं आणि लोक आपट्यावर तुटून पडले. आम्ही पोचलो तेव्हा खालच्या फांद्या उघड्या झाल्या होत्या. शेजारी गर्दीतून वाट काढत आला. वाकून त्याने वडिलांच्या पायाला हात लावला, त्यांच्या ओंजळीत पानं ठेवली. वडिलांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला, जसा पूर्वी दर वर्षी ठेवायचे तसाच.

मग तो माझ्यापुढे आला. त्याला सुनावायचे शब्द माझ्या तोंडात तयार होते. कित्येक वर्षं मी ते घासून ठेवले होते. तो पान पुढे करून उभा होता आणि माझ्या डोळ्यांकडे पाहत नव्हता. मागे वडील खोकत होते.

मी पान घेतलं. न घेऊन काय करणार होतो?